वड्याचे तेल वांग्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. घरात जे पाहिले तेच सांगते.

माझी थोरली मुलगी एका हॉटेलात काउंटरवर कामाला आहे. मालकाचा हुकूम, दुपारी १२ च्या आत खोली रिकामी करून घ्या. पाहुणा म्हणतो, आमची गाडी ४ ची, तोवर राहू द्या. राहू दिले तर मालक रागावतो, उठवले तर पाहुणा तक्रार करतो. आणि तोंड मात्र सदा हसतेच हवे! सासूबाई म्हणतात भात मऊ कर, सासरे म्हणतात मोकळा कर. आपल्याला का हे नवे आहे?

एका रात्री जेवताना तिने कबूल केले, की खोली तयार असूनही एका उर्मट पाहुण्याला तिने मुद्दाम अर्धा तास ताटकळत ठेवले, आणि चादरी बदलणाऱ्या बाईवर उगीच डाफरली. मी तिला रागे भरले. चूक ती चूकच. पण मला झोप येईना. मालकाचा राग हिच्यावर, हिचा त्या बाईवर, आणि त्या बाईचा घरी लेकरावर निघाला नसेल कशावरून?

मग आपली सहल आठवली. जेवायला उशीर झाला म्हणून वाढणाऱ्या पोराला आपण किती बोललो! उशीर स्वयंपाकघरात झाला होता. पोर बिचारे ताट आणणारे. त्यात माझाच आवाज मोठा होता.

एक गोष्ट मात्र सोसायची नाही. कामाच्या जागी बाईशी कोणी लगट केली, मग तो मालक असो की गिऱ्हाईक, तर त्यासाठी २०१३ सालचा कायदा आहे. १० किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे तक्रार समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या समितीकडे जाता येते. तक्रार लेखी, ३ महिन्यांच्या आत द्यावी. आपल्या लेकीसुनांना हे सांगून ठेवा.

मुलीने दुसऱ्याच दिवशी त्या बाईची माफी मागितली. मालकाला म्हणाली, "१२ नंतर कोणाला किती वेळ राहू द्यायचे, ते एकदा लिहून द्या." अजून त्यांनी दिलेले नाही, ती पुन्हा विचारणार आहे.

यंदाच्या सहलीत वाढणाऱ्या पोराला पहिला गोड शब्द मी बोलेन. तुम्हीही बोला.