मंडळी बदलली, जात कुठे बसली?



विषय दिलाय, नव्या इव्हँजेलिकल चळवळींत आपली जागा कुठली. इथे जुन्या मिशनच्या मंडळीतली घरं आहेत, कॅथलिक आहेत, आणि अलीकडे पेंटेकोस्टल संगतीत जाणारी तरुण मुलंमुलीही आहेत. त्यांचा प्रश्न असतो, यातली खरी मंडळी कोणती? मी पाळक नाही, शिकवणीचा निवाडा करणार नाही. मी कुंभकोणमच्या बाजूचं सांगतो. कावेरीच्या त्या पट्ट्यात मंडळी निवडणं आणि जात राखणं या दोन गोष्टी दोनशे वर्षं एकमेकींत अडकलेल्या आहेत.

कुंभकोणमहून तंजावर चाळीसेक किलोमीटर. तिथे आपल्या भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजी राजे दुसरे हे श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकले. त्यांच्याबरोबर शिकलेला वेदनायगम शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवी, जातीने वेल्लाळर. भक्त माणूस, त्याची गीतं तमिळ चर्चमध्ये आजही गातात. पण नव्या मिशनऱ्यांनी उपासनेत सगळ्यांनी एकत्र बसा म्हटल्यावर 1829 च्या सुमारास त्याने त्याला लेखी विरोध केला. ख्रिस्त मान्य, शेजारी बसणारा परैयर अमान्य! 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद ताबडतोब बंद करण्याचा आदेश काढला. विल्सन स्वतः इव्हँजेलिकल होते, हे लक्षात घ्या. तंजावरात पुष्कळ वेल्लाळर चर्चबाहेर पडले. पुढे त्यांतले बरेच जण लाइपझिगच्या लुथरन मिशनकडे गेले, कारण ते मिशन जातीच्या बाबतीत सैल होतं.

म्हणजे मंडळी बदलण्याचा मार्ग तिथे सवर्ण ख्रिस्ती माणसाने जात वाचवायला वापरला. आमच्या लोकांनी मंडळी बदलली की 'तांदळाचे ख्रिस्ती' म्हणून हिणवतात. या मंडळींना तसं कोण म्हणालं?

आता आजचं. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातलं कोट्टापालयम हे गाव कुंभकोणम धर्मप्रांतात येतं. चर्च कॅथलिक आहे, इव्हँजेलिकल नाही. तिथल्या दलित कॅथलिकांची तक्रार अशी की चर्चच्या उत्सवात आणि कारभारात त्यांना वाटा नाही, दफनभूमीतही भेद आहे. मद्रास उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. 2025 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर नोटीस काढली. निकाल काय लागायचा तो लागो. मेल्यावर कुठे पुरायचं यासाठी ख्रिस्ती माणसाला दिल्ली गाठावी लागते, एवढं मला पुरेसं आहे.

अशा चर्चमधला पोरगा उद्या भाड्याच्या हॉलमधल्या पेंटेकोस्टल सभेला गेला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, पिढीजात बाक नसतो. शेतमजूर बाई उभी राहून साक्ष देते आणि लोक ऐकतात. आपल्यातले काही पुरोगामी या सभांना हसतात. हसू नये. जिला आयुष्यभर गप्प बस म्हटलं, तिच्या हातात कुणीतरी माइक दिलाय.

माझी अडचण पुढची आहे. तिथे सांगतात, नवा जन्म झाला, जुनी जात गेली, आता तिचं नावही काढू नका. पण जातीचं नाव काढायचं नाही म्हटल्यावर भेद झाला तर तक्रार कुठल्या शब्दांत करायची? गलतीकरांस पत्रातलं यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हे वचन सगळ्यांना पाठ असतं, आणि लग्नाच्या जाहिरातीत मात्र 'सीएसआय नाडार', 'आरसी वन्नियार' छापून येतं.

शासन तर ही जात विसरतच नाही, फक्त हक्क काढून घेतं. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. तमिळनाडूत ते मागासवर्गात मोडतात. तिथल्या विधानसभेने एप्रिल 2023 मध्ये त्यांना अनुसूचित जातींचे हक्क द्यावेत असा ठराव केला. नोव्हेंबर 2024 मध्ये मात्र पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही संविधानाशी फसवणूक ठरवली. कित्येक घरांत म्हणूनच रविवारी एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. या दुहेरी जगण्यावर संजीवन सभांतून कुणी बोलत नाही.

बाबासाहेब 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातीकडे त्यांनी बोट दाखवलं आणि ख्रिस्ती समाज राजकारणात मागे राहिला, हेही तोंडावर सांगितलं. ते ख्रिस्तद्वेष्टे नव्हते, बुद्धाबरोबर ख्रिस्ताचंही नाव त्यांनी त्याच भाषणात आदराने घेतलं.

तेव्हा मंडळी पाहायला जाल तेव्हा गाणी, वाद्यं, भाषांचं दान हे सगळं पाहाच. शिवाय विचारा, वडील मंडळात कोण आहे, दफनभूमी कुणाच्या नावावर आहे, पाळकाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं. आणि मुख्य म्हणजे, कोट्टापालयमच्या लोकांसाठी इथे प्रार्थना झाली का, नावानिशी. उत्तर देताना पाळक चिडले तर तेही ध्यानात ठेवा.

माझं बोलणं इतकंच. आता तुम्ही विचारा.