दोन चटयांची खोली आणि आपला गाळा



गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. विषय होता आपला मसाले-पापडाचा गाळा. आठ बाय दहाचा, अंधारा. गिऱ्हाईक पायरीवर उभे राहूनच माल मागायचे आणि परत फिरायचे. काहीजणी म्हणाल्या, कर्ज काढू, चकचकीत फर्निचर करू, छताला पीओपी करू. खर्च चाळीस हजारांच्या पुढे जात होता. बाकीच्या म्हणाल्या, पावसाळ्यात विक्री मंदावते, तेव्हा हप्ता कुठून भरायचा? त्या बैठकीत एका ताईंच्या शिकत्या मुलीने जपानमधल्या चहाच्या खोलीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

जपानमध्ये पाहुण्याला चहा देणे ही मोठी कला मानतात. सोळाव्या शतकात तिथे सेन नो रिक्यू नावाचे चहागुरू होऊन गेले. जन्म 1522 चा. त्यांचा धनी हिदेयोशी हा तेव्हा जपानचा सर्वांत बलाढ्य माणूस. त्याने चहासाठी सोन्याने मढवलेली खोली करून घेतली होती. सुटी करून दुसरीकडे नेता येईल अशी. रिक्यूंची आवड मात्र अगदी उलटी. क्योतोजवळ यामाझाकी इथे त्यांची म्हणून ओळखली जाणारी ‘ताइआन’ नावाची खोली आहे. बसायची जागा फक्त दोन चटयांची. जपानी चटई, तातामी, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते. म्हणजे सगळी जागा सहा बाय सहाची. आपल्या गाळ्याहून लहान!

1591 मध्ये हिदेयोशीने रिक्यूंना मरणाची आज्ञा दिली. पण त्याची ती सोन्याची खोली आज उरलेली नाही. मातीच्या भिंतींची ही लहानशी खोली चारशे वर्षांनंतरही उभी आहे, आणि जपानने तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे.

काय आहे त्या खोलीत? पेंढा मिसळलेल्या मातीचा गिलावा. तो तर आपल्या आजीलाही येत होता. खिडक्यांना पांढरा कागद, त्यामुळे ऊन डोळ्यांवर न येता मऊ होऊन आत पसरते. दार इतके लहान, की गुडघे टेकून, मान लववून आत सरकावे लागते. अशा खोलीत जाताना सामुराईसुद्धा तलवार बाहेर ठेवायचा. आत लहान-मोठा कोणी नाही. आणि भिंतीत एक कोनाडा, त्याला तोकोनोमा म्हणतात. त्यात लिहिलेला एखादा कागद टांगायचा किंवा एखादे फूल ठेवायचे. बाकी जागा मोकळी. ती उरली म्हणून मोकळी नसते, मुद्दाम राखलेली असते. त्या मोकळेपणामुळेच ते एक फूल दिसते.

क्योतोतली जुनी दुकानेही अशीच समजून घेण्यासारखी. रस्त्याकडचे तोंड अरुंद आणि आत लांबच लांब घर. तिथले लोक त्याला गमतीने ‘बाम माशाचे अंथरूण’ म्हणतात. मध्ये लहानसे अंगण सोडायचे, म्हणजे उजेड आणि वारा आत येतो. दारावर नोरेन, म्हणजे मधे चिरलेला कापडी पडदा. तो ऊन-धूळ अडवतो आणि त्यावर दुकानाचे नाव किंवा खूण असते. पडदा लावला की दुकान उघडे, काढला की बंद. जपानी भाषेत दुकानाच्या नावलौकिकालाही नोरेनच म्हणतात. जुन्या विश्वासू नोकराला त्याच नावाने दुकान काढू देणे म्हणजे ‘नोरेन वाटून देणे’.

हे ऐकून आम्ही कर्जाचा विषय एक महिना पुढे ढकलला आणि आधी गाळा रिकामा केला. रिकामी खोकी, जुनी कॅलेंडरे, तुटका वजनकाटा, तीन वर्षांपूर्वीची पाकिटे, काय काय निघाले! भिंतींना चुना दिला. माल मागच्या भिंतीच्या फळ्यांवर नेला. समोर एकच लाकडी पाट ठेवला आणि त्यावर त्या आठवड्याचा एकच माल. कधी काळा मसाला, कधी कुरडया. दाराला जुन्या सुती साडीचा अर्धा पडदा शिवला आणि त्यावर गटाचे नाव भरतकामाने काढले. तीन हजारांच्या आत काम झाले. कर्ज लागलेच नाही.

विक्री दुप्पट झाली असे सांगणार नाही, तसे झालेले नाही. पण बायका आता आत येतात, पाटावरचा मसाला हुंगतात, दोन शब्द बोलतात. आणि पावसाळ्यात हप्त्याच्या काळजीने कोणाची झोप उडाली नाही.

ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही हे करून पाहा. आरशाभोवतीची चित्रे आणि बाटल्या काढा. खुर्चीतल्या बाईला आरशात आधी तिचा स्वतःचा चेहरा दिसू दे. खिडकीला पांढरे पातळ कापड लावा, उजेड मऊ येईल. चहाचे दुकान असेल तर एक कोपरा धुऊन-पुसून बायकांना बसण्यासाठी मोकळा ठेवा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘जपानी पद्धत’ म्हणून महागडे लाकूड आणि दिवे विकणारेही भेटतील. त्या नादाने कर्ज काढले, तर आपणही हिदेयोशीची सोन्याची खोलीच बांधली असे होईल.

पुढच्या बैठकीत दुकानासाठी कर्जाचा अर्ज आला, तर एकच विचारा: ताई, आधी दुकानातून काय काढता येईल? ते काढून झाल्यावरही गरज उरली, तर कर्ज जरूर द्या.