ट्रेक करता, पण डोंगराचा जीआर वाचलाय का?

नाशिकच्या द्वारकेवरून बोलतोय, त्यामुळे मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आजचा भाग कॉलेजमध्ये असलेल्या आणि रविवारी डोंगरावर सापडणाऱ्या पोरापोरींसाठी आहे.

मी बीटेक केलं, आता कोड लिहून पोट भरतो. कॉलेजात असताना पावसाळ्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार अंजनेरीवर जायचा. पठारावर गवतात बसायचं, डबे खायचे, फोटो काढायचे. खूप नंतर कळलं, की त्याच गवतात कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात उगवते. 2006 मध्ये ती नवी जात म्हणून नोंदवली गेली आणि नावही अंजनेरीवरूनच पडलं. आम्ही नेमके कशावर बसत होतो, कुणास ठाऊक!

2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. त्याआधी 2008 मध्ये आपलंच बोरगड झालं होतं, राज्यातलं पहिलं. ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. कायदा म्हणतो, अशा क्षेत्रासाठी समिती हवी: वनखात्याचा माणूस, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, शेती आणि पशुसंवर्धन खात्याचे लोक, आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे. नीट ऐका, संस्थांना तीन खुर्च्या आहेत. नुसता ट्रेक करणाऱ्याला एकही नाही.

मग काही वर्षांपूर्वी अंजनेरीवरून रस्ता न्यायचा प्रस्ताव आला. निसर्गप्रेमी, ट्रेकर सगळे विरोधात उभे राहिले. मीही जोशात स्टोरी टाकली. घरी आजी म्हणाली, "अरे, माझे गुडघे गेले. रस्ता नको म्हणतोस, मग अंजनीमातेचं दर्शन मला कधी व्हायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. रस्त्याने कड्यावरच्या गिधाडांचं काय होईल, भाविकांसाठी दुसरी सोय काय, पायथ्याच्या गावांना काय हवंय, यातलं मी काहीच वाचलं नव्हतं. माझ्याकडे प्रेम होतं, कागद नव्हता.

हा कागद शिकायची जागा म्हणजे फेलोशिप. खास डोंगरांसाठीची नाही, पण धोरण कसं बनतं ते आतून दाखवणारी. आपल्याकडे मुख्यमंत्री फेलोशिप आहे: पदवीला किमान 60 टक्के, एक वर्षाचा अनुभव, वय 21 ते 26. दिल्लीत लॅम्प आहे, 2010 पासून. त्यात तरुण पदवीधर एका खासदाराबरोबर काम करतात, संसदेतल्या प्रश्नांसाठी, विधेयकांसाठी अभ्यास करून देतात. शाखा कुठलीही चालते, म्हणजे इंजिनिअरही चालतो! अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

मला हे सगळं कळलं तेव्हा दोन्हींची वयाची अट मी ओलांडून बसलो होतो. तुम्ही विशीत आहात. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

आणि फेलोशिप नाही मिळाली तरी थांबू नका. पर्यावरण कायद्याखाली एखाद्या भागाला इको-सेन्सिटिव्ह झोन करायचा मसुदा निघतो, तेव्हा हरकती-सूचनांसाठी 60 दिवस असतात. कुणीही पाठवू शकतं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, ट्रेक नेणाऱ्यांना नोंदणी सांगणारं. तुमच्या ग्रुपमधल्या कितींनी ते उघडून पाहिलंय?

या रविवारी एक करा. ज्या डोंगरावर जाताय, तो कुठल्या गावच्या हद्दीत येतो ते शोधा. उतरल्यावर तिथे चहा प्या आणि डोंगराबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारा. मी आधी आजीला विचारायला हवं होतं, स्टोरी नंतर टाकायची.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर गवतात बसताना जरा खाली बघा!