हळद आणि अश्वगंधा : पुरावा काय सांगतो?



औषधांच्या दुकानात हल्ली दोन बाटल्या हमखास शेजारीशेजारी दिसतात. एकीवर अश्वगंधा लिहिलेलं असतं, दुसरीवर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक. ताण, झोप, गुडघे, प्रतिकारशक्ती, सगळ्यासाठी लोक त्या घेतात. दोन्ही वनस्पती आपल्या ओळखीच्या. सांगलीच्या हळदीला तर २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ओळख म्हणजे पुरावा नव्हे. माणसांवर झालेल्या चाचण्यांत त्यांनी काय करून दाखवलं, ते आज पाहू.

हळदीची पहिली अडचण अशी, की कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर शरीरात शोषलं जाणारं प्रमाण सुमारे २० पट झालं. आता हळद-दुधाचा हिशेब मांडा. चमचाभर हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यात कर्क्युमिन तीनेक टक्के, म्हणजे ९० मिलिग्रॅमच्या आसपास. हळद-दूध खुशाल प्या, पण अर्काच्या कॅप्सूलवर झालेल्या चाचणीचं यश त्या पेल्याला लागू होत नाही.

तशी एक चाचणी मला महत्त्वाची वाटते. थायलंडमधली, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. गुडघ्यांची झीज झालेले ३६७ रुग्ण निवडले. काहींना हळदीचा अर्क दिवसाला १५०० मिलिग्रॅम दिला, बाकीच्यांना आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅम. चार आठवड्यांनी दुखणं आणि हालचाल या दोन्ही बाबतींत अर्क आयबुप्रोफेनच्या मागे पडला नव्हता, आणि पोटदुखीच्या तक्रारी अर्क घेणाऱ्यांत कमी होत्या. रोज वेदनाशामक गोळी घेऊन ज्यांचं पोट बिघडतं, त्यांच्यासाठी ही फार मोलाची माहिती आहे. मात्र चार आठवडे हा अवधी थोडा, आणि नुसतीच दिसायला औषधासारखी, निर्गुण गोळी घेणारा तिसरा गट इथे नव्हता. गुडघेदुखी आपोआपही कमी-जास्त होते, हे विसरून चालणार नाही.

कर्करोगापासून स्मरणशक्तीपर्यंतचे हळदीचे बाकीचे दावे बहुतेक परीक्षानळीतून आलेले आहेत. कर्क्युमिन हा अस्थिर रेणू आहे आणि प्रयोगशाळेच्या चाचण्यांना तो सहज चकवतो, असा स्पष्ट इशारा २०१७ साली अमेरिकेतल्या औषधरसायनतज्ज्ञांनी दिला होता.

अश्वगंधेचं चित्र वेगळं आहे. तिच्या बाजूने निर्गुण गोळीशी तुलना केलेल्या चाचण्या बऱ्याच आहेत, त्यांचे निकालही एकाच दिशेचे आहेत : ताण कमी, झोप थोडी बरी. सर्वांत जास्त उल्लेख होतो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या चाचणीचा. तणावग्रस्त ६४ जण, मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक अश्वगंधा घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्क्यांनी. प्रश्नावलीतल्या ताणाचे गुण एका गटात ४४ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्यात जेमतेम साडेपाच टक्क्यांनी. हा दुसरा आकडा मला खटकतो. ताणासारख्या तक्रारीत निर्गुण गोळीनेही माणसाला बऱ्यापैकी बरं वाटतं. इथे जवळपास काहीच फरक पडला नाही. शिवाय या विषयावरच्या चाचण्या बहुधा लहान, दोन-तीन महिन्यांच्या आणि पुष्कळदा अर्क बनवणाऱ्यांच्याच मदतीने झालेल्या आहेत.

म्हणून माझं मत असं. गुडघ्यापुरती हळदीच्या अर्काची बाजू मला अधिक भक्कम वाटते, कारण तिची गाठ खऱ्या औषधाशी घालून दिली गेली. अश्वगंधेला ताणासाठी ‘शक्यता चांगली’ इतकंच म्हणेन, आणि अर्क बनवणाऱ्यांच्या पैशावर न चालणारी, काही शे माणसांची मोठी चाचणी व्हायला हवी, असं मनापासून वाटतं.

बाटली घेतलीत तर मागची बारीक अक्षरं वाचा. अश्वगंधा मुळाची आहे की पानांची? चाचण्या प्रामुख्याने मुळाच्या अर्कावर झाल्या आहेत आणि आयुष मंत्रालयानेही पानं न वापरण्याची सूचना दिलेली आहे. कर्क्युमिनच्या बाटलीत पिपेरिन असेल, तर ते इतर औषधांचंही शोषण वाढवू शकतं.

यकृताला तर विशेष जपा. अमेरिकेतल्या एका नोंदवहीत हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले यकृतविकाराचे १० रुग्ण नोंदले गेले, त्यांतला एक दगावला. सात जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. अश्वगंधेनेही कावीळ झाल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि भारतातून आल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. गरोदरपणी ती घेऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हळदीच्या कॅप्सूलबद्दलही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.