गालगुंड, ताप आणि माझा एक रिपोर्ट

आज हेडफोन लावूनच ऐका. घरच्यांसमोर ज्या विषयावर आपण पटकन आवाज कमी करतो, त्यातला हा आहे. व्हायरल इन्फेक्शन आणि पुरुषांची मूल होण्याची क्षमता. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण हे माझ्यासोबत झालंय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेलो होतो. भाच्याचे गाल सुजलेले. आम्ही एकाच ताटात फराळ केला. पुण्यात परत आल्यावर अडीच आठवड्यांनी माझाही गाल सुजला. गालगुंड! रूममेट हसला, मीही हसलो. लहान मुलांचा आजार म्हणे.

पाचव्या रात्री थंडी वाजून ताप आला, १०३. आणि उजवी गोटी दुखायला लागली. सकाळी ती लिंबाएवढी सुजलेली. आईचा फोन आला, तर सांगितलं, "कंबर धरलीये." दिवसभर तसाच पडून राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी रात्री रूममेटने गाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आधी रागावले. कारण गोटीला पीळ पडला, तरी असंच दुखतं आणि तेव्हा साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं नाही तर ती गमवावी लागू शकते. माझं सोनोग्राफीत कळलं, पीळ नव्हता, गालगुंडाच्या व्हायरसने आलेली सूज होती. यावर व्हायरस मारणारं औषध नाही. आराम, बर्फाचा शेक, खालून आधार, वेदनाशामक गोळ्या. बस.

आता आकडे. वयात आल्यावर लस न घेतलेल्या पुरुषाला गालगुंड झालं, तर साधारण १५ ते ३० टक्के जणांना ही सूज येते. बहुतेकांना एकाच बाजूला. सूज आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची ती गोटी पुढे थोडी लहान होते. पण पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, कारण दुसरी बाजू काम करत असते. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी रात्रभर गुगल करत बसलो आणि गुगलने मला निपुत्रिक करून टाकलं.

घरी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. मला राहवेना. सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना न विचारता, वीर्य तपासणी करून आलो. एका मिलीलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. मी दोन दिवस जेवलो नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "एवढी घाई कशाला केलीस?" त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर यायला अजून थोडे. म्हणजे आज जो माल बाहेर येतोय, त्याचा बिल्ड अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेला असतो. गोट्या शरीराबाहेर आहेत, कारण त्यांना दोन-चार अंश कमी तापमान लागतं. जोराचा ताप आला की चालू बॅच बिघडते. मग तो ताप फ्लूचा असो, डेंग्यूचा असो की कोविडचा. कोविडनंतरही काहींचा काउंट घसरलेला दिसलाय, बहुतेकांचा काही महिन्यांत सावरतो. आणि कोविडच्या लशीने काउंट कमी होतो, ही मात्र अफवा आहे.

झिका वेगळा. तो वीर्यात काही आठवडे टिकू शकतो आणि संबंधातून पसरतो. म्हणून झिकाच्या भागातून आलेल्या पुरुषांनी तीन महिने कंडोम वापरावा, असा सल्ला आहे. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते, त्यामुळे हे लांबचं समजू नका.

चौथ्या महिन्यात परत तपासणी केली. २ कोटी १० लाख. उजवी बाजू जरा लहान झालीये, ती तशीच राहणार.

मग एका मुलीला भेटलो तेव्हा सगळं सांगून टाकलं. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. वाईट वाटलं. पण खोटं बोलून लग्न केलं असतं, तर जास्त वाईट वाटलं असतं. दुसरीला सांगितलं, तर तिने विचारलं, "लस नव्हती का घेतली?"

नव्हती. आमच्या लहानपणी सरकारी दवाखान्यात गोवराची लस मिळायची, गालगुंडाची नाही. ती एमएमआरमध्ये असते आणि बहुतेक खासगी दवाखान्यात घ्यावी लागते. तुमचं लसीकरणाचं कार्ड आईकडे असेल, आज बघा. एमएमआर नसेल तर डॉक्टरांना विचारा, मोठेपणीही घेता येते.

आणि तीन गोष्टी लक्षात ठेवा. गोटी अचानक दुखली तर तासाभरात दवाखाना. मोठ्या तापानंतर तपासणी करायचीच असेल, तर तीन महिने थांबून. आणि मूल होत नसेल, तर तपासणी फक्त बायकोची नाही, दोघांची.

ती दुसरी मुलगी? मे महिन्यात लग्न आहे. आईला कंबरेचं खरं कारण मात्र हा एपिसोड ऐकूनच कळेल. सॉरी आई.

भेटू पुढच्या भागात.