पावसातला एक दिवस आणि गाडीची किल्ली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या मनोगतात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘सोसायटीची आर्थिक वाटचाल’ हा विषय दिला होता. बँकेत चौतीस वर्षे काढली म्हणजे माणसाला आकडे सोडून दुसरे काही सुचत नाही, असा लोकांचा समज असतो. पण ताळेबंद या स्मरणिकेत छापलेलाच आहे, तो वाचावा. मी आज एका मोटारसायकल सहलीतल्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. त्याचा सोसायटीशी काय संबंध, ते शेवटी कळेल.

गोष्ट सप्टेंबर १९८८ ची. आपलं गाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. आम्ही चार मित्र. दोन बँकेतले, एक एस.टी.तले आणि चौथे म्हणजे आपले मास्तर, बी विंगमधले. माझी येझदी आणि एस.टी.वाल्यांची राजदूत. दोन गाड्या, चार माणसं, आठ दिवस. उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत हैदराबाद, पुढे नागार्जुनसागर, आणि आल्या वाटेनं परत. आजच्या मुलांना सांगतो, या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मोजून ऑइल टाकावं लागायचं. येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. प्लगला पाणी लागलं की गाडी रुसून बसायची, म्हणून खिशात प्लगपाना आणि एक कोरडा प्लग ठेवायचाच.

परतीचा शेवटचा दिवस. सकाळी उमरग्याहून निघालो तेव्हाच आभाळ भरून आलेलं. त्या वर्षी पाऊस चांगला होता. ७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आम्ही, पावसाला नावं ठेवायची आमची हिंमत नव्हती. भिजत भिजत नळदुर्गला पोचलो आणि मास्तर म्हणाले, “नर-मादी चालू असणार. बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.”

नळदुर्गचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा बांधलेला आहे. त्याच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम, साल १६१३. पाणी जास्त झालं की बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून ते खाली पडतं, तेच नर आणि मादी. आपण आतल्या सज्जात उभं राहायचं. समोर पाण्याचा पडदा, कानात नुसता आवाज, आणि अंग कोरडं! मास्तर शिकवायच्या सुरात म्हणाले, “बघा, बांधणाऱ्यानं पाणी अडवलं, पण जादाच्या पाण्याला वाट ठेवली. म्हणून हा बांध अजून उभा आहे.” आम्ही हो हो म्हणालो. लक्ष भज्यांकडे होतं.

किल्ल्यात वेळ गेला आणि माझी चुळबुळ सुरू झाली. कारण सांगतो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी ऑफिसरकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. माझी किल्ली मी रजेवर जाताना एका सहकाऱ्याकडे रीतसर सोपवली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याचीच रजा होती, त्याच्या घरी लग्न होतं. म्हणजे सकाळी दहाच्या आत मी शाखेत हवाच.

नळदुर्ग सोडून तुळजापूरच्या दिशेनं निघालो. पावसानं जोर धरला. चारच्या सुमारास एका ओढ्यापाशी आलो. तिथं तेव्हा कठडे नसलेला, ठेंगणा फरशीचा पूल होता. त्यावरून गढूळ पाणी धावत होतं. पलीकडचा रस्ता दिसत होता, अंतर फार तर चाळीस पावलं. मी म्हणालो, “गुडघ्याएवढंच पाणी आहे. पहिल्या गिअरमध्ये सावकाश काढू.” राजदूतवाले गप्प. तिसरा म्हणाला, “तू म्हणशील तसं.”

मास्तर माझ्या मागच्या सीटवरून उतरले, पुढं आले आणि काही न बोलता येझदीची किल्ली काढून खिशात घातली.

माझा संताप झाला. चारचौघांत, भर पावसात मी त्यांना म्हणालो, “तू काय माझा बाप लागतोस? तुझी शाळा बंद राहिली तर कुणाचं अडत नाही, माझी बँक अडते.” मास्तर एवढंच म्हणाले, “अडू दे.”

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक शेतकरी रानातून आला. “कुठं निघालाव पावण्यांनो? वड्याला पाणी आलंय, म्होरं जाऊ नगा. आल्या पावली जातंय पाणी. चला वस्तीवर.” वस्तीवर मावशींनी चुलीपाशी बसवलं. हुलग्याची गरम शेंगोळी आणि ज्वारीची भाकरी दिली. कोण, कुठले, कोणत्या जातीचे, काही विचारलं नाही. घरी कळवायला फोन नव्हता. मी मास्तरांकडे पाठ करून झोपलो.

पहाटे पाऊस थांबला, पाणी उतरलं. आम्ही ओढ्यावर गेलो. फरशीचा मधला भाग नव्हताच! सात-आठ फुटांचं खिंडार. संध्याकाळी आम्ही तिथं पोचलो तेव्हा ते पडलेलं होतं की रात्री पडलं, कुणालाच सांगता येईना. गढूळ पाण्याखालचं दिसतं कुणाला? मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “आईनं राखलं बाबा.” गावातल्या पोरांनी वरच्या अंगाला उथळ जागेतून गाड्या ढकलून दिल्या. पावणेदहाला मी चिखलाच्या कपड्यांत शाखेत हजर. तिजोरी वेळेवर उघडली. मास्तरांनी किल्ली परत दिली, तीही बोलणं न ऐकवता.

आता सोसायटीचा संबंध. २०१५ च्या दिवाळीनंतरची सभा आठवा. मी चेअरमन होतो. शिलकीतून प्रवेशद्वारावर शोभेची कमान बांधायची, हे जवळजवळ ठरलं होतं. मास्तर एकटे उभे राहिले. “पाऊस झालेला नाही, उन्हाळा काढायचा आहे, थांबा.” मी घरी जाऊन हिच्यापाशी पुष्कळ बोललो त्यांना. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आपण त्याच शिलकीतून टँकर घेतले. कमान अजून झालेली नाही. कुणाचं काही अडलेलंही नाही.

दर सभेत कुणीतरी एक ‘थांबा’ म्हणणारा असतो. आपण त्याला आडवा म्हणतो. माझी विनंती आहे, त्याचं निदान ऐकून घ्या. आणि पार्किंगमध्ये मोठमोठ्या गाड्या लावणाऱ्या आपल्या मुलांना सांगतो, फिरा, खूप फिरा, पावसातही फिरा. पण पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी उभी करा. गुडघ्याएवढं वाहतं पाणीही पाय उचलतं. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुरानं काय केलं, ते आपण पाहिलंच.

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. ओढ्याकाठी जे बोललो, त्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही. रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसायचो, पण ते राहूनच गेलं. वहिनी समोर बसल्या आहेत. वहिनी, आज सगळ्यांसमोर सांगतो, त्या दिवशी मास्तरांचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. दोन शब्द म्हणता म्हणता बराच वेळ घेतला, सेक्रेटरींनी माफ करावं. ताळेबंद मात्र जरूर वाचा.