भविष्य आणि संदेश



मी नगर जिल्ह्यातला. 1971 साली आमच्या गावात एक पत्रक आले होते. दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतले आकडे जुळवून त्यात प्रभूच्या पुनरागमनाचे वर्ष सांगितले होते, आणि ते वर्ष तोंडावरच आले होते. माझ्या थोरल्या चुलत्यांनी विहिरीचे काम अर्ध्यावर थांबवले. जगच संपणार, तर पाणी कोणासाठी काढायचे? पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. अर्ध्या विहिरीला पाणी नव्हते आणि घरातली सगळी माणसे खडी फोडायला गेली. चुलते त्यानंतर कितीतरी वर्षे उपासनेला शेवटच्या बाकावर बसत. देवाचा शब्द खोटा कसा ठरला, असे त्यांनी मला एकदाच विचारले. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज या संमेलनात तुम्ही मला बोलायला ही जागा दिली आहे, तर मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

आपली अडचण शब्दापासूनच सुरू होते. आपल्या जुन्या भाषांतरांत ‘भविष्यवादी’ हा शब्द रूढ होता. आज आपण ‘संदेष्टा’ म्हणतो. मूळ हिब्रू शब्द ‘नबी’. निर्गमाच्या सातव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की अहरोन तुझा नबी होईल. अहरोनाने काही उद्याचे सांगायचे नव्हते. मोशेचे म्हणणे फारोपुढे मांडायचे होते. नबी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारे तोंड. मराठी माणसाच्या कानावर मात्र ‘भविष्य’ हा शब्द पडला, की पंचांग, पत्रिका आणि ग्रहदशा डोळ्यांपुढे येतात. आपण यशयाकडे पत्रिका घेऊन बसलो, ती सवय या शब्दानेही लावली, असे मला वाटते.

भाकीत अक्षरशः घ्यायचे की प्रतीक म्हणून, असा वाद आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण पवित्र शास्त्र स्वतःच आपली भाकिते कशी वाचते, हे आपण पाहतो का? मीखाने सांगितले होते, की सियोन शेतासारखी नांगरली जाईल आणि यरुशलेमेचे ढिगारे होतील. शंभर वर्षांनी यिर्मयाने तसेच काही म्हटले, तेव्हा लोक त्याला मारायला निघाले. त्या वेळी देशातले काही वडीलधारे उभे राहिले. हिज्कीया राजाने मीखाचे ऐकून देवाचे भय धरले आणि ते अरिष्ट टळले, याची त्यांनी आठवण करून दिली. यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. त्या वडिलांनी मीखाला खोटा ठरवला नाही. भाकीत घडले नाही, कारण ते ऐकले गेले, असे ते म्हणाले. चाळीस दिवसांत निनवे नगराचा नाश होईल, हे भाकीतही असेच टळले, आणि कुंभाराच्या चाकापाशी यिर्मयाला हाच नियम उघड सांगण्यात आला.

यहेज्केल तर याहून धीट आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर नगराचा नाश करील असे त्याने सांगितले होते. तेरा वर्षे वेढा पडला, पण लूट हाती आली नाही. एकोणतिसाव्या अध्यायात तोच संदेष्टा लिहून ठेवतो, की सोरेपुढे इतके कष्ट करूनही राजाला आणि त्याच्या सैन्याला वेतन मिळाले नाही. त्याने आधीचे शब्द खोडले नाहीत, पुढचेही लपवले नाहीत. दोन्ही एकाच पुस्तकात ठेवले. बेटावरचे ते नगर जिंकण्यासाठी समुद्रात भर घालून वाट बांधली ती अलेक्झांडरने, इ. स. पूर्व 332 मध्ये.

आणि दानीएल! यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची सत्तर वर्षे सांगितली होती. आपल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात दानीएल त्या सत्तर वर्षांचा विचार करत प्रार्थना करतो, आणि त्याला उत्तर मिळते ते सत्तर सप्तकांचे. म्हणजे एका संदेष्ट्याचा आकडा दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातच नव्या अर्थाने उलगडतो. ज्यांना शास्त्रातला प्रत्येक आकडा कॅलेंडरावर टाचायचा असतो, त्यांनी या अध्यायापाशी थोडे थांबावे.

अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी मनाचा सच्चा होता. दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या 2300 संध्याकाळ-सकाळींचा त्याने एक दिवस म्हणजे एक वर्ष असा हिशेब केला, इ. स. पूर्व 457 पासून मोजले आणि 1843 च्या सुमारास येऊन पोहोचला. पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी उभी पिके शेतात सोडली. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मिलरला आपण अक्षरार्थ घेणारा समजतो, पण दिवसाचे वर्ष करताना त्याने प्रतीकच वापरले होते. अक्षर कुठे धरायचे आणि प्रतीक कुठे, हे तो आपल्या गणिताच्या सोयीने ठरवत होता. आमच्या गावातले ते पत्रकही तसेच होते.

आपण साहित्यिक आहोत. आपल्याला यापुढे जाता येते, कारण संदेष्ट्यांच्या वाणीचा मोठा भाग कविता आहे. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लौथने 1753 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखवून दिले, की हिब्रू कविता एकच गोष्ट दोन ओळींत, दोन अंगांनी सांगते. जात्यावरची ओवी ऐकलेल्या कोणालाही हे नवे वाटू नये. जखऱ्याच्या नवव्या अध्यायात राजा गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर बसून येतो. कवितेच्या रीतीने जनावर एकच. मार्क, लूक आणि योहान एकच जनावर सांगतात. मत्तय मात्र गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतो, आणि शिष्य दोन्हींवर वस्त्रे घालतात.

मत्तयाला कविता कळली नाही, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. हिब्रू शास्त्र ज्याच्या अंगात भिनले होते, त्याला ओळींची ही जोडी माहीत नसेल? त्याला एकेक शब्द घटनेत दिसायला हवा होता, तो त्याच्या भक्तीचा भाग होता. पण त्याहून मोठी गोष्ट जखऱ्याच्या पुढच्याच ओळीत आहे: या राजाच्या येण्याने एफ्राइमातला रथ आणि यरुशलेमेतला युद्धाचा घोडा नाहीसा होतो. प्रभू येशू त्या दिवशी खरोखरच्या गाढवावर बसला. ते जनावर खरे, त्याची खूर वाजवत चालण्याची वाटही खरी, आणि तरीही तो सगळा प्रवेश रोमच्या घोडदळापुढे ठेवलेले एक चिन्ह होता. अक्षर आणि प्रतीक तिथे एकाच पाठीवर बसून आले. त्यांना वेगळे करण्यात आपण किती शक्ती घालवली!

यशयाच्या सातव्या अध्यायाचेही असेच. ‘अल्मा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतराने तिथे कुमारी असा शब्द घातला आणि मत्तयाने तोच उचलला. पण आहाज राजाला ते चिन्ह इ. स. पूर्व आठव्या शतकात, दोन शत्रुराजांच्या भीतीने त्याचे मन कापत असताना मिळाले होते. बाळाला बरेवाईट कळण्याआधी ते दोन देश उजाड होतील, असे पुढे म्हटले आहे. दिमिष्क इ. स. पूर्व 732 मध्ये पडले. आहाजासाठी जे खरे होते ते पुसून मत्तयाचे खरे करावे लागत नाही. प्रकटीकरणातल्या पशूची सात शिरे म्हणजे सात डोंगर हे त्या पुस्तकातच सांगितले आहे, आणि रोमच्या राज्यात राहणाऱ्या वाचकाला कोणते शहर म्हणायचे आहे हे विचारावे लागत नव्हते. हिब्रू अक्षरांत ‘नीरो कैसर’ लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या, तर त्या पशूचा आकडा 666 येतो. एकनाथांच्या भारुडातला विंचू काठी घेऊन शोधायला आपण जात नाही. मग योहानाचा पशू दरवर्षीच्या वर्तमानपत्रात का शोधतो?

मात्र सगळेच प्रतीक आहे म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. प्रकटीकरणातले हजार वर्षांचे राज्य म्हणजे मंडळीचा काळ, असे ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात मांडले. ते वाचन खोल आहे. पण त्याच्या आडोशाने न्यायाचे प्रत्येक वचन आपण आकाशात पाठवून दिले, की आमोसाने ज्यांच्यासाठी आवाज उठवला ती गरीब माणसे रस्त्यावरच राहतात.

चुलत्यांना आज मी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचून दाखवला असता. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम नगराला वेढा घातला आहे, नगर पडणार हे स्वतः यिर्मयाच सांगतो आहे, आणि त्याच दिवसांत तो चुलतभावाकडून अनाथोथातले शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत मोजून देतो, साक्षीदारांपुढे खरेदीखत करतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे त्याचे भाकीत त्या खरेदीखतात होते. नगराचा शेवट सर्वांत स्पष्ट पाहणाऱ्या माणसाने जमीन घेतली. त्याने आमची विहीर थांबवली नसती.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्र सोप्या मराठीत आणले. 1922 साली त्या गेल्या, तोवर त्यांचे काम पुरे झाले होते. ते त्यांनी गावातल्या बाईला कळावे म्हणून केले. आता तुमच्यातल्या तरुण लेखकांनी संदेष्ट्यांच्या एकेका पुस्तकाला सोप्या मराठीत टीप लिहावी: हे कोणाला सांगितले, कधी सांगितले, ही कविता आहे की कथा, की दृष्टान्त. कविता कवितेसारखी, ओळी तोडून छापावी. पुस्तक स्वस्त असावे आणि खेड्यातल्या उपदेशकाच्या पिशवीत मावावे. पहिली टीप मी दानीएलाच्या नवव्या अध्यायावर लिहायला घेतली आहे. बाकीचे अध्याय तुम्ही वाटून घ्या, आणि या मांडवातून जाण्याआधी आपापले नाव कार्यवाहांकडे लिहून द्या.